कोंबडी, शेळी, गाय: ठाणे-नवी मुंबईत पाळण्याआधी काय तपासायचं आणि खुराडं कसं बांधायचं

महापालिका हद्दीत कोंबड्या पाळता येतात का, या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर नाही, कारण हा विषय एका कायद्यात मावत नाही. चार गोष्टींवर उत्तर बदलतं: जनावराला पाय किती, त्यातून पैसे मिळवणार का, जागा कोणाच्या नावावर आहे, आणि शेजारच्या खिडकीपर्यंत काय पोहोचतं. चौथा प्रश्न सगळ्यात जड. कागद नाही म्हणून उठवलेल्या खुराड्यांपेक्षा वास, आरवणं आणि उंदीर यांच्या तक्रारीमुळे उठवलेली खुराडीच जास्त. म्हणून या लेखात कायद्याइतकीच जागा जाळीला, तुसाला आणि छपराच्या उताराला दिली आहे.

कायदा नेमका कुठे आडवा येतो

ठाणे महापालिका १९८२ पासून आणि नवी मुंबई महापालिका १९९२ पासून एकाच कायद्याखाली चालतात. मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९, म्हणजे आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्याचं कलम ३७६ नीट वाचा. घोडे, गुरं किंवा इतर चतुष्पाद जनावरं विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी, मोबदला मिळेल अशा कामासाठी किंवा त्यांच्यापासून मिळणारा माल विकण्यासाठी आवारात ठेवायची असतील, तर आयुक्तांचा परवाना लागतो. 'चतुष्पाद' आणि 'विक्री' हे दोन शब्द इथे कळीचे. घरच्या दुधासाठी बांधलेली एक शेळी आणि दूध घरोघरी पोहोचवणारी एक म्हैस यांत कायद्याला फरक दिसतो. कोंबडी दोन पायांची असल्याने या विशिष्ट पोटकलमात बसत नाही. पण तेवढ्याने हुरळून जाऊ नका. जिवंत कोंबड्यांची किंवा चिकनची विक्री हा परवान्याचाच धंदा आहे, आणि उपद्रव झाला तर पाय मोजायला कोणी बसत नाही.

उपद्रवाचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केला आणि त्यातून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता निर्माण झाली, तर कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घोडबंदर रोडवर रात्री मोकळी सोडलेली गाय याच कलमात बसते.

प्राण्यांशी क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा दोन पायांनाही लागू आहे. हालचाल करता येणार नाही इतका लहान पिंजरा, फार आखूड दावं, अन्न-पाणी-निवारा न देणं, हे सगळं कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून नोंदलं आहे. बाजारातून कोंबड्या पाय बांधून, उलट्या टांगून स्कूटरच्या हँडलला अडकवून आणणं सर्रास दिसतं, ते याच कायद्याच्या विरोधात जातं. खोका घ्या, भोकं पाडा आणि खाली भुसा घाला.

गाय-म्हशींसाठी आणखी एक कायदा आहे: नागरी क्षेत्रांत गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा १९७६ चा महाराष्ट्राचा अधिनियम. त्याखाली अधिसूचित झालेल्या भागात परवान्याशिवाय गुरं ठेवता येत नाहीत. मुंबईतले तबेले शहराबाहेर डहाणूजवळ दापचरीला हलवण्याची एवढी वर्षं चाललेली खटपट आठवली, की सरकारचा कल कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि हौसेखातर पोपट, मुनिया किंवा तितर पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. त्यांना महापालिकेची परवानगी मिळण्याचा प्रश्नच नाही.

जागा कोणाची?

कळवा, बाळकूम, कोलशेत, ओवळा, दिवाळे, सारसोळे, घणसोली, गोठिवली अशा गावठाण-कोळीवाड्यांत घरामागे अंगण किंवा परडं असतं आणि कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या असतात. इथे मालकी सहसा स्वतःची. अडचण येते ती दाटीची. पूर्वी परड्याच्या पलीकडे शेत होतं, आता तिथे चार मजल्यांची चाळवजा इमारत आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे.

सिडकोच्या नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत, जमीन भाडेपट्ट्याने दिलेली आहे. रो-हाउसचं छोटं अंगण तुमच्या ताब्यात असलं तरी भाडेपट्ट्याच्या करारात वापर 'निवासी' लिहिलेला असतो. घरची चार कोंबडी त्यात खपून जातात, विक्रीचा फलक खपत नाही.

सहकारी सोसायटीत गच्ची, पार्किंग, जिन्याखालची जागा ही सगळी सामायिक. तिथे खुराडं ठेवायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सेक्रेटरी तोंडी 'ठेवा की' म्हणाला, याला पुढची कमिटी आल्यावर काडीची किंमत राहत नाही. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, ही गोष्ट अनेकांना ऐकून माहीत असते. पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या सूचना पाळीव कुत्र्यांबद्दल आहेत. कोंबडीसाठी तो दाखला पुढे करून उपयोग नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत तर कोंबड्या ठेवूच नयेत. कायद्याचं जाऊ द्या, ३० चौरस फुटांच्या फरशीवर वास आवरणं कोणालाच जमत नाही.

येऊरला वेगळा हिशेब. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं आहे. तिथे नवं बांधकाम करण्याआधी वनविभागाकडे विचारणा करा. शिवाय बिबट्या आहेच, त्याबद्दल पुढे.

कागदपत्रांचा क्रम

घरच्या अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या ठेवणाऱ्यानेही पहिल्या दोन पायऱ्या कराव्यात. विक्री करणाऱ्याने सगळ्या.

१. मालमत्ता कराची पावती, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भाडेकरू असाल तर मालकाचं लेखी संमतिपत्र आणि सोसायटी असेल तर ठरावाची सही-शिक्क्याची प्रत एका फाइलमध्ये लावा.

२. आपल्या प्रभाग समितीत (नवी मुंबईत विभाग कार्यालयात) सहायक आयुक्तांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात जनावराचा प्रकार, संख्या, विक्री आहे की नाही, जागेचं क्षेत्रफळ, जवळच्या घरापासूनचं अंतर, मल आणि सांडपाण्याची व्यवस्था एवढं लिहा. शेवटी 'यासाठी कोणता परवाना, कोणतं शुल्क आणि कोणत्या अटी लागू आहेत ते लेखी कळवावे' असं मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या तक्रार झाली तर तुम्ही लपवाछपवी केली नाही, याचा हाच पुरावा.

३. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क भरून. विचारायचं एवढंच: हद्दीत पशुपक्षी पाळण्याबाबतचे लागू उपविधी, ठराव आणि परवाना शुल्काचा तक्ता यांच्या प्रती. 'कोंबड्या पाळता येतात का' असं विचारलंत तर 'हे मत आहे, माहिती नाही' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. कागदच मागायचा. मुदत ३० दिवस.

४. शेड पक्की बांधणार असाल तर नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्या आणि बांधकाम परवानगीचं विचारा. पाया खणून, वीट लावून उभारलेली शेड परवानगीविना असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली अनधिकृत बांधकाम ठरू शकते. मग कोंबड्यांचा मुद्दा बाजूलाच राहतो, हातोडा शेडवर येतो. उचलून नेता येईल असं, पायांवर उभं खुराडं यासाठीही बरं.

५. गाय, म्हैस, शेळी असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कानात पिवळा बिल्ला मारून घ्या. त्यावरचा १२ अंकी क्रमांक म्हणजे जनावराचा आधार. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. विकत घेताना बिल्ला आधीच असेल तर मालकाच्या नावात बदल त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर जनावर तुमच्या दारात आणि नोंद मुरबाडच्या माणसाच्या नावावर.

६. दूध किंवा अंडी विकणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी. ती ऑनलाइन होते.

सहा कोंबड्यांचं खुराडं

सहा का? चार जणांच्या घराला पुरतील एवढी अंडी, आणि एका माणसाला सकाळच्या वीस मिनिटांत आटोपेल एवढं काम. दहाच्या वर गेलात की वास आणि माश्या एकदम वाढतात.

पहिली गोष्ट: कोंबडा नको. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो पिल्लांसाठी लागतो. कोंबडा पहाटे चारला सुरू होतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हाताच्या अंतरावरून आरवणं ९० च्या पुढे जातं. टोपली झाकून, अंधारात कोंडून तो गप्प बसेल हा समज खोटा. गोची अशी, की दारावर विकायला येणारी एक दिवसाची पिल्लं मिसळ असतात, म्हणजे निम्मे नर निघतात. आठव्या-दहाव्या आठवड्यात तुरा लाल आणि जाड व्हायला लागला की कळतं, तोवर घरातल्या मुलांनी नावं ठेवलेली असतात. म्हणून पिल्लं न घेता आठ ते बारा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्या. ग्रामप्रिया किंवा वनराजा या सुधारित जाती परसबागेसाठीच तयार केलेल्या आहेत. गावरान काटक असते, पण वर्षाला ६०-८० अंड्यांवर जात नाही आणि मधूनमधून खुडूक होऊन (अंडी देणं थांबवून उबवायला) बसते.

मापं अशी:

- जमिनीचं क्षेत्र ६ फूट × ४ फूट, म्हणजे पक्ष्याला ४ चौरस फूट. पुस्तकी किमान अडीच चौरस फुटांच्या आसपास आहे, पण पावसाळ्यात पक्षी दिवसचे दिवस आत राहतात, म्हणून जास्त.
- उंची ५ फूट, तळ पायांवर, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. खाली घूस दिसली पाहिजे, लपली नाही पाहिजे.
- बसायला २ इंच रुंद, कडा घासलेली लाकडी पट्टी. पक्ष्याला ९ इंच याप्रमाणे साडेचार फूट. गोल पाइप नको, पाय घसरतात.
- अंड्यांसाठी एक-एक फुटाचे दोन खोके, बसायच्या पट्टीपेक्षा खालच्या उंचीवर. वर ठेवले तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत.

जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची 'कोंबडी जाळी' कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, घूस आणि बोक्याला बाहेर ठेवत नाही. एक इंचाच्या भोकातून लहान उंदीर सहज शिरतो आणि मुंगूस ती तार चावून उचकटतो. अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश घ्या. खुराडं जमिनीलगत असेल तर जाळी खाली एक फूट पुरून बाहेरच्या बाजूला वाकवा. खाडीकिनाऱ्याला, म्हणजे चेंदणी, दिवाळे, वाशीगाव या पट्ट्यात, खारट हवेने साधी तार लवकर गंजते. जाळी फाटते ती नेमकी चौकटीला ठोकलेल्या खिळ्यापाशी. तिथे बोटाने दाबून दर महिन्याला पाहायचं. येऊर आणि घोडबंदरच्या डोंगराकडच्या बाजूला रात्री खुराड्यात पक्षी उघड्या जाळीत ठेवू नयेत. आत फळ्यांची किंवा पत्र्याची बंद खोली आणि दाराला कडी-कोयंडा हवाच. बिबट्याला कोंबडीपेक्षा खुराड्याभोवती फिरणारी कुत्री जास्त खेचून आणतात, तेव्हा उरलेलं खाद्य बाहेर सांडू देऊ नका.

छपराचा उतार आणि दिशा यावर सगळा पावसाळा अवलंबून असतो. आपल्याकडे जूनपासून पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्यासकट आडवा येतो. त्या बाजूला जमिनीपासून छपरापर्यंत पत्रा किंवा फळी, छप्पर तीन फूट बाहेर काढलेलं, आणि जाळी पूर्व-उत्तरेला. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं ही नेहमीची चूक. आत वाफ कोंडते, तूस भिजतो, आणि तीन दिवसांत डोळे चुरचुरतील इतका अमोनिया. मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हा वर नारळाच्या झावळ्या किंवा ओलं गोणपाट घाला. थर्माकोल लावू नका. उंदीर त्यात घर करतात आणि कोंबड्या टोचून खातात.

तूस, वास आणि माश्या

तळाला ४ इंच जाडीचा भाताचा तूस. शहापूर-मुरबाडच्या भातगिरण्यांत गोणीने मिळतो. सुताराकडचा लाकडी भुसाही चालतो, मात्र प्लायवूडचा बारीक धुरळा नको, त्याने पक्ष्यांना श्वासाचा त्रास होतो.

दर आठवड्याला तूस वरखाली करायचा आणि मूठभर उचलून घट्ट दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तडकून सुटला तर बरोबर. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. अजिबात चिकटला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडा. ओला निघाला तर त्या दिवशीच भिजलेला भाग काढा, २४ चौरस फुटांना पाव किलो विरलेला चुना शिंपडून मिसळा आणि नवा कोरडा तूस घाला. मग ओल आली कुठून ते शोधा. दहांतल्या आठ वेळा पाण्याचं भांडं सांडत असतं. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की हा त्रास निम्म्याने कमी होतो.

एक कोंबडी दिवसाला साधारण ११०-१२० ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे सहा जणींची महिन्याला वीस किलोच्या आसपास. त्यातली मोठी वाटणी रात्री बसायच्या पट्टीखाली पडते. तिथे एक सरकती फळी ठेवून ती दर तीन दिवसांनी खरवडा. तीनच का? आपल्या दमट हवेत माशीचं अंड्यापासून माशी होण्याचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. आठवड्याने एकदा साफ करणारा माणूस माश्यांची पैदास स्वतःच सांभाळतो.

खरवडलेलं कचरागाडीत टाकू नका आणि गटारात तर मुळीच नको. पावसाळी गटारं प्रक्रियेविना थेट खाडीला मिळतात, आणि स्वच्छता निरीक्षकाला कारवाईसाठी याहून सोपा पुरावा लागत नाही. १०० लिटरचे दोन ड्रम घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, एक थर विष्ठा आणि दोन थर सुका पालापाचोळा असं भरत जा. एक भरला की दुसरा. दोन महिन्यांत खत होतं. ताजी विष्ठा कुंडीत घातलीत तर झाड करपेल.

खाद्य

सहा पक्ष्यांना दिवसाला ७०० ग्रॅम लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), महिन्याला २१-२२ किलो. ५० किलोची गोणी स्वस्त पडते, पण जुलैत ती महिन्याभरात बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. पावसाळ्यात २५ किलोच घ्या, पिंपात ठेवा, पिंप विटांवर. पाणी दिवसाला दोन लिटर, मेमध्ये तीन.

कवच पातळ यायला लागलं की कॅल्शियम कमी पडतंय. कोळीवाड्यात यावर फुकटचा इलाज आहे: तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढे कुटायचे आणि वेगळ्या वाटीत ठेवायचे. खाद्यात मिसळायचे नाहीत, ज्या कोंबडीला हवं ती खाते. शिंपले चालतात म्हणून खारवलेल्या बोंबलाची डोकी आणि सुकटीचा चुरा घालू नका. मीठ कोंबडीला सोसत नाही, आधी पाण्यासारखी हगवण लागते आणि मग पक्षी मरतो. तेलकट मासळीच्या आतड्यांनी अंड्याला वास येतो.

डिसेंबर-जानेवारीत अंडी कमी होतात ती थंडीने नव्हे, तर दिवस लहान झाल्याने. ९ वॅटचा एक दिवा पहाटे तीन-साडेतीन तास लावला की भागतं. दिव्याचं तोंड शेजाऱ्याकडे नको.

लस आणि बर्ड फ्लू

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चुकवू नका. एकदा शिरली की सगळं खुराडं रिकामं होतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा (मानमोडीच्या लशीचा) थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी या मानमोडीच्याच लशीचं इंजेक्शन. तलंगा घेताना शेवटच्या दोन झाल्या का, हे तारखेसकट लिहून घ्या.

लस टोचून किंवा पाजूनही रोग येतो तेव्हा दोष बहुधा लशीचा नसतो. कुपी २ ते ८ अंश तापमानात हवी. मे महिन्यात डिकीत तासभर फिरली की ती मेलेली लस. पाण्यातून द्यायची लस नळाच्या पाण्यात कालवली तर त्यातला क्लोरीन तिला मारतो. म्हणून उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिटरला ५ ग्रॅम स्निग्धांशरहित दूधपावडर, आणि पक्ष्यांना आधी दोन तास तहानलेलं ठेवायचं. कालवलेली लस दोन तासांत संपली पाहिजे. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच सकाळी लस करून घेणं शहाणपणाचं.

बर्ड फ्लू आपल्याकडे ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये तो सापडला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आणि पाणथळी जवळ असल्याने रानपक्ष्यांचा वावर मोठा आहे. कोंबड्यांचं पाणी आणि खाद्य उघड्यावर ठेवू नका, म्हणजे बगळे आणि कावळे त्याला तोंड लावणार नाहीत. खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवा.

एकाच दिवशी दोन-तीन पक्षी अचानक मेले, तुरा निळा-जांभळा झाला, डोकं सुजलं, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, गाडून टाकू नका, आणि उरलेले घाईने विकू तर अजिबात नका. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ठरत नाही. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळला जातात. पक्का झाला तर एक किलोमीटर परिघातले सगळे पाळीव पक्षी नष्ट केले जातात, तुमचे सहाही. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची मिळत नाही. कळवायला दोन दिवस उशीर केला तर जिवाचा धोका आहेच, पैशाचंही नुकसान आहे.

शेळी

शेळी एकटी ठेवली तर दिवसभर ओरडते, म्हणून दोन. बोकड नको, त्याचा उग्र वास चौथ्या घरापर्यंत जातो. शेळीला आत १२ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा. कोकणातल्या ओलीत जमिनीवर बसलेल्या शेळीचे खूर कुजतात आणि फुप्फुसं बिघडतात, तेव्हा तीन फूट उंच लाकडी माचाण करा. फळ्यांमध्ये दीड सेंटिमीटर फट ठेवा. लेंडी पडली पाहिजे, खूर अडकता कामा नये. आपल्या पावसाला कोकण कन्याळ जात मानवते.

शहरात शेळी अडते ती चाऱ्यावर. एकीला दिवसाला ३-४ किलो हिरवा पाला, किलोभर वाळलेला चारा आणि २०० ग्रॅम खुराक लागतो. रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या तोडून भागवायचं म्हणाल, तर राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय फांदी तोडणं अंगाशी येतं. परड्यात शेवगा आणि सुबाभूळ लावा, बाकी भाजी मंडईतून कोबी-फ्लॉवरचा पाला आणा. मात्र एकदम पोटभर कोबी घातला तर पोट फुगतं. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, पहिल्या वर्षी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस वेगळी.

बकरी ईदसाठी किंवा जत्रेसाठी बोकड आणला असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. सणासाठी तात्पुरत्या जागांना परवानगी मिळते, ती आधी विचारून घ्यावी.

गाय-म्हैस

स्पष्टच सांगायचं तर, स्वतःची मोठी जागा नसेल तर नका पडू. गायीला छपराखाली ३५-४० चौरस फूट, मोकळं ७५. दिवसाला १५-२० किलो शेण, तितकंच मूत्र आणि धुण्या-पिण्याचं शंभरहून जास्त लिटर पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत नव्या दुग्धशाळेसाठी निवासी घरांपासून २०० मीटर आणि शाळा-रुग्णालयांपासून ५०० मीटर अंतर सांगितलं आहे. नौपाड्यात किंवा नेरूळमध्ये अशी जागा नकाशावर शोधूनही सापडणार नाही. गावठाणाच्या कडेला ज्यांचे जुने गोठे आहेत त्यांनी परवान्याचं नूतनीकरण चुकवू नये. एकदा खंड पडला की नव्या अर्जदाराला लागणाऱ्या अटी लागतात.

शेणाचा निचरा गोबरगॅसने होतो. एक घनमीटर क्षमतेला रोज २५ किलो ताजं शेण लागतं, म्हणजे तीन म्हशींवर दोन घनमीटरचा संयंत्र निवांत चालतो.

मोकाट गुरं महापालिका पकडून कोंडवाड्यात नेते. सोडवताना दंडाशिवाय रोजचा खुराकाचा खर्चही भरावा लागतो, म्हणून त्याच दिवशी जाऊन, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक दाखवून सोडवा.

तक्रार आली तर

आधी स्वच्छता निरीक्षक येतो. वाद घालू नका. खुराडं दाखवा, अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवा आणि नोंदवही दाखवा. वहीत रोजची पक्ष्यांची संख्या, मेलेले पक्षी, लशीच्या तारखा आणि सफाईचे दिवस एवढंच लिहायचं असतं, पण ही वही पाहिल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. नोटीस मिळाली तर मुदतीत लेखी उत्तर द्या: तक्रार नेमकी कशाची, त्यावर काय केलं, कोणत्या तारखेला, सोबत फोटो. तक्रार वासाची असेल आणि तुम्ही उत्तरात कोंबड्या आरोग्याला कशा चांगल्या हे लिहिलंत, तर ते उत्तर वाया गेलं.

प्रकरण वाढलं तर कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. त्यावर हजर राहून म्हणणं मांडता येतं. गैरहजर राहिलात तर आदेश कायम होतो.

उलट बाजूही आहे. शेजाऱ्याने वैतागून विष घातलं किंवा जनावर मारलं, तर तो न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. मेलेला पक्षी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठवलेल्या पक्ष्याचं शवविच्छेदन नीट होत नाही. चोवीस तासांच्या आत पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या आणि त्या अहवालासह पोलीस ठाण्यात जा.